परीक्षा नसलेल्या माणसासाठी अभ्यासिका: नारायण पेठेतील आठ महिने

जून 2025 ते जानेवारी 2026 असे आठ महिने मी पुण्याच्या नारायण पेठेतील एका अभ्यासिकेत राखीव टेबल भाड्याने घेतले होते. ही अभ्यासिका स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी चालवली जाते. मी मुखपृष्ठे आणि आतील चित्रे काढून पोट भरते, त्यामुळे तिथल्या कोणत्याही परीक्षेशी माझा संबंध नव्हता. माझ्यासारख्या घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकारांना, अनुवादकांना आणि मांडणीकारांना अशी जागा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. अभ्यासिकेचे नाव मुद्दामच देत नाही. एक तर पुढे काही तक्रारी आहेत; शिवाय मालक काकांनी ‘मॅडम, आता आणखी चित्रकार पाठवू नका, मुलांचे लक्ष जाते’ असे हसत हसत पण स्पष्टपणे सांगितले आहे. अलका चौकातून नारायण पेठेकडे किंवा शास्त्री रस्त्याकडे चालू लागले, की अशा अभ्यासिकांच्या पाट्या दर थोड्या अंतरावर दिसतात आणि त्यांची घडण साधारण सारखीच असते, त्यामुळे नावावाचून वाचकाचे फारसे अडणार नाही.

आधी गरज का पडली ते सांगते. नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केल्याला मला आता अकरा वर्षे झाली. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे ‘तू घरीच असतेस ना’. या एका वाक्याच्या आधारावर आमच्या मजल्यावरच्या चारही घरांचे गॅस सिलिंडर मी उतरवून घेतले आहेत आणि शेजाऱ्यांच्या पार्सलांसाठी कितीदा तरी ओटीपी सांगितले आहेत. मात्र सगळा दोष शेजाऱ्यांवर टाकणे खरे होणार नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी नोकरी सोडली, त्याचा मी केलेला वापर असा होता, की सकाळचे काम दुपारवर, दुपारचे संध्याकाळवर आणि संध्याकाळचे रात्री साडेबारावर जाई. रात्री जागून काढलेल्या चित्राला लोक ‘कलावंताची तंद्री’ म्हणतात. माझ्या बाबतीत ती बहुतेक वेळा वाया गेलेल्या दुपारची भरपाई असे.

माझ्या कामाचे वर्षही सपाट नसते. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला असे मानले जाते, आणि मानधनाचा दर काही संपादकांनी अजून त्याच सालचा धरला आहे की काय अशी शंका मला अधूनमधून येते. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले माझे जवळजवळ सगळे काम याच अंकांचे असते. कथा जुलैत येतात, काही ऑगस्टच्या अखेरीस येतात, आणि चित्रे मात्र सर्वांना गणपतीच्या आत हवी असतात. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, म्हणजे हंगाम बराच लवकर आला होता. घरी बसून हे निभणार नाही, हे मे महिन्यातच कळून चुकले होते.

अभ्यासिकेकडे वळण्यापूर्वी मी दोन पर्याय पाहिले. कोथरूड आणि बाणेर भागांत सहकार्यालयात, म्हणजे लोक ज्याला को-वर्किंग म्हणतात तिथे, मोकळ्या टेबलाचे महिना 7,000 रुपये सांगितले गेले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की आकडा 8,260 वर जातो. सेवा व्यवसायात वार्षिक 20 लाखांच्या आतल्या उलाढालीला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे माझ्यासारख्यांनी ती केलेली नसते; साहजिकच हा कर कुठे वळताही करून घेता येत नाही, तो सरळ खिशातून जातो. शिवाय तिथे सतत कोणी ना कोणी फोनवर कुणाला तरी काहीतरी विकत असतो. दुसरा पर्याय कॉफीच्या दुकानाचा होता. 220 रुपयांची एक कॉफी घेऊन साडेतीन तास बसण्याची सोय आहे, पण दोन तासांनंतर टेबल पुसायला येणाऱ्या मुलाकडे पाहून मला स्वतःलाच अवघडायला होत असे. महिन्यातून बावीस दिवस धरले तर तोही खर्च 4,840 होतो, आणि त्यात पोटात गेलेल्या साखरेचा हिशेब नाही.

अभ्यासिकेचा दर असा होता: राखीव टेबलाचे महिना 1,600 रुपये, लॉकरचे 150, लॅपटॉप वापरणार असल्यास विजेचे वेगळे 200, आणि परत मिळणारी अनामत 1,000. म्हणजे महिन्याला 1,950 रुपयांत सकाळी सहा ते रात्री अकरा अशी जागा. राखीव नसलेले टेबल आणखी 500 रुपयांनी स्वस्त पडते, पण त्यासाठी रोज पहाटे येऊन जागा धरावी लागते, आणि त्या शर्यतीत फौजदार होऊ पाहणाऱ्या मुलांपुढे माझा निभाव लागणे शक्य नव्हते.

प्रवेशाच्या दिवशी काकांनी नोंदवही पुढे केली. नाव, गाव, मोबाइल आणि त्यानंतर ‘परीक्षा’ असा रकाना होता. वरच्या नोंदींत राज्यसेवा, गट ब, गट क, तलाठी, यूपीएससी असे लिहिलेले होते. ‘कम्बाइन (म्हणजे गट ब आणि गट क यांची संयुक्त परीक्षा) का राज्यसेवा?’ असे काकांनी विचारले. मी माझे काम सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून त्या रकान्यात ‘इतर’ लिहिले. पुढचे आठ महिने मी त्या इमारतीत ‘इतर’ होते.

खोलीत साठ टेबले आहेत. प्रत्येक टेबल साधारण अडीच फूट रुंद आणि दोन फूट खोल, तीन बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, समोर एक छोटा दिवा आणि एक प्लग. ए-4 कागदावर लिहिणाऱ्याला ही जागा पुरेशी आहे. लॅपटॉप आणि मधल्या आकाराची पेन टॅब्लेट शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला ती पुरत नाही. मी लॅपटॉपखाली डब्यासारखे उंच स्टँड ठेवून टॅब्लेट त्याच्या पुढ्यात सरकवली, तेव्हा कुठे कोपराला जागा मिळाली. जलरंगाचे काम करणाऱ्यांनी इथे येण्याचा विचारही करू नये. पाण्याचा वाडगा ठेवायला जागा नाही आणि शेजाऱ्याच्या नोट्सवर एक थेंब उडाला तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

आवाजाचे नियम कडक आहेत आणि माझ्या मते हेच या जागेचे खरे मोल आहे. मोबाइल पूर्ण बंद किंवा मूक, फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचे, खोलीत कुजबूजही नाही. सांगायचे असेल ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचे. तिसऱ्याच दिवशी माझ्या आडोशावर पिवळी चिठ्ठी चिकटलेली आढळली: ‘ताई, राग मानू नका, तुमच्या पेनाचा टकटक आवाज येतो.’ खरे तर तो आवाज माझ्या कधी कानावरच आला नव्हता. टॅब्लेटच्या पेनाची प्लास्टिकची टोके कठीण पृष्ठभागावर आपटतात. फेल्टची टोके लावली की आवाज जवळजवळ जातो, फक्त ती लवकर झिजतात. मी त्या संध्याकाळी फेल्टची टोके मागवली आणि टॅब्लेटखाली जुन्या दुपट्ट्याची घडी घातली. चिठ्ठी लिहिणारी मुलगी कोण हे मला दोन आठवड्यांनी कळले. पुढे तीच माझी चहाची सोबतीण झाली.

चहाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझी दिनचर्या प्रत्यक्षात त्यावरच उभी राहिली. अभ्यासिकेत घंटा वाजत नाही, तरी अकराला, चारला आणि सातला खुर्च्या सरकू लागतात आणि निम्मी खोली खालच्या अमृततुल्यापाशी उभी असते. दहा रुपयांचा चहा, पंधरा मिनिटांच्या गप्पा, त्यांत कट-ऑफ, उत्तरतालिकेवरच्या हरकती आणि कोणाच्या तरी गावाकडच्या लग्नाचा विषय, आणि मग पुन्हा जिना. घरी मी दर चाळीस मिनिटांनी उठत असे आणि त्या उठण्याला शेवट नसे. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलेली मी अर्ध्या तासाने फ्रीज पुसताना सापडत असे. इथे अकरा वाजेपर्यंत उठायचे नाही हे कोणी सांगितलेले नव्हते, पण उजवीकडचा मुलगा पहाटे सहापासून बसलेला दिसत असताना मला पावणेदहाला उठायची लाज वाटे. मोबाइलवरची पंचवीस मिनिटांची टोमॅटो पद्धतीची घड्याळे मी अनेकदा वापरून सोडून दिली आहेत. ती बंद करायला एक बोट पुरते. आजूबाजूला गप्प बसलेली एकोणसाठ माणसे बंद करता येत नाहीत.

यामुळे पहिल्या दोन महिन्यांत मी अभ्यासिकेचे फार कौतुक करू लागले होते आणि त्या भरात एक चूक केली. सकाळी आठ ते रात्री आठ असे पूर्ण वेळ तिथेच बसायचे ठरवले. कर्वेनगरातून रिक्षाने गरवारे महाविद्यालयाच्या मेट्रो स्थानकापर्यंत, तिथून एक स्थानक डेक्कनला आणि मग लकडी पूल ओलांडून चालत, असा प्रवासही मला आवडू लागला होता. जुलैच्या अखेरीस एका अंकाची सात चित्रे मी ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी पाठवली. संपादकांचा फोन आला, मी धावत जिन्यात गेले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी एवढेच विचारले, की ‘ताई, या वेळी सगळ्या चित्रांना थंडी वाजते आहे का?’ घरी येऊन दिवसाच्या उजेडात पाहिले तेव्हा कळले, की सगळ्या चित्रांचे रंग चुकले होते. प्रकाश पिवळसर की निळसर हे केल्विनमध्ये मोजतात, आणि छपाईचा रंग जोखायला 5,000 केल्विनचा प्रकाश प्रमाण धरतात. अभ्यासिकेतल्या एलईडी नळ्या 6,500 केल्विनच्या, निळसर पांढऱ्या आहेत आणि त्या दिवसभर डोळ्यांवर असल्या की आपण निवडलेली छटा आणि कागदावर उतरणारी छटा यांत फरक पडत जातो. पण नळ्यांवर सगळे ढकलून मला सुटता येणार नाही. त्या सात चित्रांच्या रचनाही एकसारख्या होत्या: माणूस मध्यभागी, खिडकी डावीकडे. दिवसाला एक चित्र अशा हिशेबाने मी ती पार पाडली होती. कथा वाचल्यावर दोन दिवस ती डोक्यात घोळवत भाजी आणायला जायचे, नदीकाठी उगाच उभे राहायचे, हे मी त्या महिन्यात केलेच नव्हते, कारण ते टेबलावर बसून करता येत नाही आणि टेबलाचे तर पैसे भरलेले होते.

ऑगस्टपासून मी वाटणी बदलली आणि टेबल सोडेपर्यंत ती टिकली. कथा वाचणे, कच्च्या कल्पना आणि रंगकाम घरी किंवा बाहेर, वेळेचे बंधन न ठेवता. पक्की रेखाटने, संपादकांनी सुचवलेले बदल, अक्षरांकन, फायली छपाईसाठी तयार करणे, ई-मेल आणि न मिळालेल्या मानधनाची स्मरणपत्रे हे सगळे अभ्यासिकेत, सकाळी सात ते एक. हे काम नीरस असते असे नाही, पण त्याला बैठक लागते आणि तेच मी वर्षानुवर्षे रात्रीवर ढकलत आले होते. स्वतंत्र व्यवसायात वेळेची शिस्त हवी की नको, हा वाद मला आता तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. कोणत्या कामाला शिस्त हवी आणि कोणत्या कामाला ती मारते, हे मात्र प्रत्येकाने आपल्या कामापुरते शोधायला हवे. कवितेच्या अनुवादकाची वाटणी वेगळी पडेल, चित्रफितीचे संकलन करणाऱ्याची आणखी वेगळी. एकच टेबल दिवसभर वापरले नाही म्हणजे पैसे वाया गेले, असे मानणाऱ्याने मात्र राखीव टेबल घेऊ नये. तो माझ्यासारखाच फसेल.

दुपारी एकला उठण्याचे आणखी एक कारण होते. जुलैपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि अभ्यासिकेच्या मागच्या खिडक्या त्याच दिशेला आहेत. संध्याकाळी सहानंतर खिडक्या बंद करूनही टेबलावरच्या पेन्सिली हलक्या थरथरतात. हे त्या अभ्यासिकेचे वैगुण्य म्हणता येणार नाही, पेठेत राहणाऱ्याला ते नवे नाही; पण जून-जुलैत प्रवेश घेणाऱ्याने संध्याकाळची वेळ धरून पैसे भरू नयेत. अनंत चतुर्दशीला, 6 सप्टेंबरला, रस्ते मिरवणुकीसाठी बंद असल्याने अभ्यासिका दोन दिवस बंद राहिली. त्याबद्दल अर्थातच कोणतीही सूट मिळाली नाही.

आता गैरसोयी. इंटरनेट साठ जणांत वाटलेले आहे. व्याख्यानांच्या चित्रफिती पाहणाऱ्यांची गर्दी असते त्या वेळी 300 डीपीआयची, तीस-चाळीस थरांची फाइल वर चढवायला घेतली तर ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत चढत राहते. मी मोठ्या फायली रात्री घरूनच पाठवत असे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, तर इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, प्लग चालत नाहीत, त्यामुळे लॅपटॉप घरूनच पूर्ण चार्ज करून नेणे भाग आहे. स्त्रियांसाठी एकच स्वच्छतागृह आहे आणि तिथे येणाऱ्या मुलींची संख्या वीसच्या वर आहे. सकाळी ते स्वच्छ असते, दुपारनंतर नसते, आणि हे तीन वेळा सांगूनही बदललेले नाही.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, उतरायला एकच अरुंद जिना आहे, त्यातही निम्म्या रुंदीवर चपलांची मांडणी असते. आडोसे प्लायवूडचे, त्यांवर कागदी नकाशे आणि चिठ्ठ्या, आणि एका प्लगमधून दोन-दोन विस्तार-बोर्ड ओढलेले. भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याची पुनर्भरणाची तारीख मी पाहिली तेव्हा उलटून गेलेली होती. काकांना दाखवल्यावर महिन्याभरात नवे नळकांडे आले, हे मान्य करायला हवे, पण जिना तसाच आहे. प्रवेश घेण्यापूर्वी कोणीही इतर सोयींआधी ही पाहणी करावी.

नोव्हेंबरमधला एक प्रसंगही नोंदवायला हवा. दिवाळी अंकांचे काम संपल्यावर मी दहा दिवस कोकणात गेले. आठवड्याच्या मधल्या वारी, तिकिटे सहज मिळत असताना जाता येणे, हेच तर या व्यवसायाचे सुख. परत आले तेव्हा माझ्या राखीव टेबलावर दुसऱ्याच कोणाची पुस्तके होती. काकांचे म्हणणे, ‘तुम्ही नव्हता, मुलाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून तात्पुरते दिले.’ मी वाद घातला नाही, कारण त्या वर्षी खरोखरच तशी वेळ होती. 28 सप्टेंबरला होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा अतिवृष्टी आणि पूरस्थितीमुळे 9 नोव्हेंबरवर गेली होती. एरवी दिवाळीत गावी जाणारी मुले त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही खोलीत बसलेली होती असे मला नंतर कळले. तरीही महिन्याचे पूर्ण पैसे घेऊन टेबल परस्पर देणे योग्य नव्हते, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी पुढच्या महिन्याचे लॉकरभाडे घेतले नाही.

परीक्षा पुढे गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी तिथेच होते. अकराच्या चहाला नेहमीचा आवाज नव्हता. चिठ्ठीवाली मुलगी म्हणाली, ‘ताई, तुमचं बरं, तुमची तारीख पुढे गेली तर तुम्हाला आनंद होतो.’ मी हो म्हणाले, आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिले. त्यांनी दिनचर्या स्वतः निवडलेली नाही. ती त्यांच्यावर आलेली आहे, घरून येणाऱ्या पैशांच्या आणि वाढत्या वयाच्या हिशेबासकट. मी त्यांच्यात सहा तास बसून ती उसनी घेते आणि एक वाजता उठून जाते. मालक काकांची ‘आणखी चित्रकार नकोत’ ही विनंती मला त्यानंतर तितकीशी विनोदी वाटली नाही. अशा अभ्यासिकेत जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी निदान निकालाच्या आणि परीक्षेच्या आठवड्यांत राखीव नसलेली जागा अडवू नये, आणि चहाच्या टेबलावर आपल्या स्वातंत्र्याचे गोडवे गाऊ नयेत.

पावतीचा प्रश्न राहिला. काका साधी छापील पावती देतात, तीही मागितल्यावर. हिशेबनीसाला जीएसटीचे बिलच हवे असेल, किंवा ग्राहकांना भेटायला बोलवायचे असेल, तर ही जागा उपयोगाची नाही. दिवसभर ऑनलाइन बैठका असणाऱ्यांनाही नाही. जिन्यात उभे राहून दोनपेक्षा जास्त फोन झाले, की खालच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून पाहतात. याचा मला अनपेक्षित फायदा असा झाला, की संपादकांना ‘सात ते एक फोन घेता येत नाही’ असे सांगायला एक खरे कारण मिळाले. अकरा वर्षे मी हेच वाक्य घरातून बोलत होते आणि ते कोणी खरे मानत नव्हते.

फेब्रुवारीपासून मी टेबल सोडले आहे, कारण हिवाळा-उन्हाळ्यात माझ्याकडे एवढे बैठकीचे काम नसते आणि शेजाऱ्यांचे सिलिंडरही कोणीतरी घ्यायला हवेत. या जूनपासून सप्टेंबरपर्यंत चार महिन्यांसाठी नाव सांगून ठेवले आहे. एकदम पैसे भरले तर काही सवलत मिळेल का, असे विचारून पाहिले, काका नाही म्हणाले. 31 क्रमांकाचे टेबल मागितले आहे. ते भिंतीकडेला आहे, तिथला प्लग सैल नाही, आणि वरचा पंखा तीनवर ठेवला तरी कागद उडत नाहीत. चाळीसच्या पुढचे मिळाले तर त्या बाजूला दुपारी ऊन येते, आणि पडदा कोणी सरकवायचा यावर रोज एक चिठ्ठी फिरते.